शोधकर्त्याचे नाव

कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टायपिंगचं दुकान,
वसमतला, मोंढ्याच्या थोडं अलीकडं.
वारसाचे अर्ज, सातबाऱ्याच्या तक्रारी, भाडेकरार.
आज मुंजाजी पांचाळ आले, नखांत ग्रीस,
म्हणाले, बाई, एक पेटंट करून द्या.
झेरॉक्स मागावी तसं.

वकील नांदेडचा. इंग्रजी तो करणार.
मला फक्त त्यांच्या तोंडचं उतरवायचंय:
हळद काढायचं यंत्र, ट्रॅक्टरमागं जोडायचं,
गड्डा न मोडता मातीतून वर आणणारं.

नवीन काय आहे त्यात?
"पात्याचा बाक."
तो कुठून आला?
ते जरा वेळ दारातल्या चपलांकडं बघत राहिले.
"जालन्याला प्रदर्शनात बटाट्याचं यंत्र पायलं होतं,
सळ्यांचं हलणं त्याचं.
स्प्रिंगा भंगारातल्या रिक्षाच्या.
अन् बाक म्हणाल तर
चार हंगाम पातं सरळच होतं, निम्मी हळद तुटायची.
मंग काढणीला आलेली पारूबाई बोलली,
खालून हात घाल रं,
निजलेलं लेकरू उचलल्यावानी."

शोधकर्त्याचे नाव:
पुढं एकच ओळ.
कर्सर मी तिथंच लुकलुकत ठेवला.

आधी कुणाला दाखवलंय का हे?
वकिलानं विचारायला सांगितलंय.
"दाखवलंय म्हंजे?
पोळ्याला मोंढ्यात उभं केलं होतं, हार घालून.
आख्ख्या वसमतनं पायलंय."
मग ते नवं राहिलं नाही, काका, कायद्याच्या हिशेबानं.
त्यांना हे कळेना,
मलाही नीट सांगता येईना
की दाखवायच्या आधी नोंदवावं लागतं
अन् नोंदवलं की सगळंच दाखवावं लागतं,
प्रत्येक नटचं माप, प्रत्येक कोन;
वीस वर्षांचं कुलूप हवं तर
आधी दार सताड उघडून
आतली चूलसुद्धा दाखवायची.
"हे बरंय की. म्हंजे नंतर कुणीबी करू शकतंय?"
वीस वर्षांनी.
"तवर पारूबाई न्हाई राहायची."

राग त्यांचा अफसरवर नाही.
अफसर त्यांच्याच भट्टीवर शिकला,
पूर्णेला दुकान टाकलं, तेच पातं, तोच बाक,
फक्त अर्धा इंच जास्त, अन् हळद आणखी कमी तुटते.
"मंग म्याबी माझं अर्धा इंच वाढवलं," मिस्त्री हसले.
राग आहे त्या कंपनीवर
जिची माणसं चहा पिऊन, फोटो काढून गेली
अन् यंदा निळा रंग देऊन दुप्पट भावानं विकायला बसली.
वर नोटीस: आमच्या डिझाइनची नक्कल तात्काळ थांबवावी.
ती त्यांनी कॅरीबॅगमधून काढली,
घडीवर तेलाचा अंगठा.

"असं लिवा, कंपनीला कुलूप, अफसरला किल्ली."
असा रकाना नाही काका यात.
"मंग पाडा एक."

मी टाइप करत राहिले.
ही अक्षरं, जी मी बडवते,
कुणीतरी एकेक वेलांटी आखली असेल,
ळ ला किती पोट द्यायचं यावर
रात्री घालवल्या असतील.
माझ्याकडं ती पेनड्राइव्हमधून आली,
औंढ्याच्या एका पोरानं चहावर टाकून दिली.
अकरा वर्षं त्या अक्षरांवर माझं घर चालतंय.
आखणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही.
कधी शोधलंही नाही.
हे मी मुंजाजींना बोलले नाही.

तीन पानं, साठ रुपये.
त्यांनी सुटे मोजून ठेवले, हळदीच्या पिवळ्या नोटा.
रकान्यात मी लिहिलं:
मुंजाजी ग्यानोबा पांचाळ
अन् पुढं एक स्वल्पविराम दिला.
वकील तो खोडेल.